चाफ्याचं तोंड

झाडाला तोंड असतं. नर्सरीतलं रोप कसंही लावा, चालतं. पण पन्नासेक वर्षांचं एकटं झाड आणून अंगणात उभं करायचं असेल, तर त्याचं तोंड कुठे आणि पाठ कुठे हे आधी ठरवावं लागतं. क्रेनला लटकलेलं असताना ठरवू नये. मी नेमकं तेव्हाच ठरवलं.

घर बेळगावात, तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे. (कागदावर २०१४ पासून बेळगावी, तोंडात बेळगावच.) मालक तिशीतला, पुण्यात नोकरी करून परत आलेला, फोनमध्ये दोनशे फोटो. बहुतेक फोटोंत तेच: एक जुनं ऑलिव्ह, भोवती पांढरे खडे, मागे कोरी भिंत. त्याला सांगितलं, ऑलिव्ह हे कोरड्या उन्हाळ्याचं झाड. आपल्याकडे जूनपासून चार महिने त्याचे पाय पाण्यात राहणार. हजारो रुपये घालून कुजवायचं कशाला? चाफा लावू. "सोनचाफा?" नाही हो, देवचाफा. दोघांचा नात्यागोत्याचा संबंध नाही. आपण देवाला वाहतो तो चाफा मुळात मेक्सिकोकडचा, पण इथे इतका मुरलाय की देऊळ असो की दर्गा, आवारात तो असतोच. आणि हिवाळ्यात पानं गळाली की त्याच्या फांद्यांचं जे चित्र उरतं, त्याच्यासाठीच तर तो एकटा लावायचा.

चाफा खानापूरला मिळाला. जुनं कौलारू घर पाडायला काढलेलं, उत्तरेला विहीर, घर आणि विहिरीच्या मधे हा. पागोळ्यांपासून लांब पळत वाढलेला, म्हणून सगळा डोलारा उत्तरेकडे झुकलेला, तीन मोठ्या फांद्या हात पसरल्यासारख्या. घराच्या बाजूला मात्र कौलांना लागतात म्हणून वर्षानुवर्षं छाटून ठेवलेले खुंट. म्हणजे उत्तरेला तोंड, दक्षिणेला पाठ.

काढला फेब्रुवारीत, अंगावर एक पान नसताना. पुस्तकी हिशोब असा की खोडाच्या व्यासाच्या दहापट रुंद हुंडी, म्हणजे मुळांसकटचा मातीचा गोळा, ठेवायची. याचा बुंधा सव्वा फूट, म्हणजे साडेबारा फुटांची हुंडी. ती उचलायला क्रेन नाही, रणगाडा लागेल. पण चाफा सवलत देतो. खोडात पाणी साठवून असतो, झोपेत हलवला तर चार फुटांच्या हुंडीवर भागतं. तुटलेल्या मुळांना धारेच्या कोयत्याने साफ काप दिला, चीक गळून सुकू दिला, मग गोणपाट आणि सुतळीने हुंडी आवळली. शेवटी उत्तरेच्या बाजूने बुंध्यावर चुन्याची फुली मारली. ही फुली मारायला मी पोरांना वीस वर्षं शिकवतोय. ज्या सालीने कडक ऊन पाहिलेलं नाही, तिला नव्या जागी एकदम उन्हात धरायचं नाही. फुली उत्तरेला होती, उत्तरेलाच राहणार.

लॉरी, वाटेतल्या तारा, बांबूने तारा उचलणारा पोरगा, हे सगळं सोडून देतो. दुपारी साडेबाराला क्रेन गेटावर आली.

माझ्या आराखड्यात गेट पश्चिमेला, गेटापासून सव्वीस फुटांवर चाफा, त्याच्या मागे अकरा फुटांवर घराची कोरी भिंत, गडद करड्या रंगात. राखाडी खोड आणि पांढरी फुलं अशा भिंतीवरच उठतात. पण मधल्या काळात वास्तूवाले येऊन गेले होते. त्यांनी स्वयंपाकघर वायव्येला आणलं आणि माझ्या कोऱ्या भिंतीत चार फुटी खिडकी पाडली. मला कुणी कळवलं नाही. बागवाल्याला कोण कळवतं? तो शेवटी येतो, रंगाऱ्याच्याही नंतर.

चाफा बेल्टवर हवेत, सावकाश गरगर फिरतोय. मालक गेटात उभा राहून हाताने इकडे, इकडे करतोय. तेवढ्यात खिडकीतून त्याच्या आईचा आवाज आला.

"अवो, त्याचं तोंड हिकडं करा की."

तोंड हा शब्द मी त्यांना शिकवला नव्हता.

"काकू, झाड पूर्ण दिसायला त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब उभं राहावं लागतं," मी म्हणालो. "हे बारा फुटांचं आहे. गेटातून बरोबर दिसेल. तुमच्या खिडकीतून नुसतं खोड दिसणार."

"खोड तर खोड. मी दिवसाचे पाच तास हितं उभी असते. गेटात कोण उभं राहतंय?"

"आई, आत जा गं," मालक.

दुप्पट अंतराचा हिशोब खोटा नाही. पण त्या क्षणी तो मला सोयीचाही होता, कारण बिल देणारा गेटात उभा होता आणि क्रेन तासावर होती. ऑपरेटर खाली वाकून कन्नडमध्ये विचारत होता, ठेवू का? तिसरा मार्गही होता. फुली उत्तरेला ठेवली असती तर दोघांनाही झाड बाजूने दिसलं असतं, कुणाचंच पूर्ण समाधान नाही, पण झाड जिथल्या तिथे. मी पाव गिरकी पश्चिमेला द्यायला लावली, तोंड गेटाकडे आलं, आणि मी "साकु, साकु" म्हणालो, म्हणजे पुरे.

खड्ड्यात उभ्या असलेल्या पोराने बुंध्याकडे बोट दाखवलं. "सर, फुली?"

"असू दे," मी म्हणालो.

महिनाभर वाहवा झाली. रस्त्याने जाणारे फोटो काढायचे. एप्रिलमध्ये तीन फांद्यांतल्या सर्वांत झुकलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला साल तपकिरी पडली. कलती उन्हं थेट तिथेच लागत होती. मी गोणपाट गुंडाळला, पण पंधरा दिवस उशिरा. पावसाळ्यात तिथे बोट दाबलं तर आत जायचं. जुलैत फांदी उतरवली. पांढराशुभ्र चीक येईपर्यंत मागे मागे कापत गेलो आणि कूज रोखायला बोर्डो पेस्ट लावली (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी). त्याच काळात फरशीवाल्यांनी अंगणाची पातळी वाढवून बुंध्याभोवती अर्धा फूट माती चढवली होती. मी झाड मुद्दाम जमिनीपेक्षा चार बोटं उंच बसवलं होतं ते यासाठी नाही. ती माती मी स्वतः खोरं घेऊन ओढली आणि मुकादमाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फांदी मातीने गेली की उन्हाने, असं मालकाने विचारलं, तेव्हा मी फरशीवाल्यांचं नाव घेतलं. ते खरं नव्हतं. माती बुंध्याशी होती, कूज वर होती.

काकूंचं ऐकून खिडकीकडे वळवलं असतं तर फांदी वाचली असती का? घराच्या बाजूला ऊन सौम्य आहे, पण मग पाठ पश्चिमेला आली असती, आणि त्या सालीचंही काही सांगता येत नाही.

रिकाम्या जागी आता मालकाला कारंजं हवंय, शेजारी बुद्धाचं डोकं, फांद्यांना दिव्यांच्या माळा. एका अंगणात नजर किती ठिकाणी ठरणार? अजून तरी हो म्हटलेलं नाही.

परवा वळीव पडून गेल्यावर बघायला गेलो. काकूंनी चहाला आत बोलावलं आणि त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा उभा राहिलो. सिंकपाशी उभं राहिलं की खिडकीत पाच खुंट दिसतात, खानापूरच्या कौलांसाठी छाटलेले. मधल्या खुंटातून बोटाएवढा कोंब फुटलाय, टोकाला दोन पानं. काकू भांडी घासताना रोज त्याच्यावर लक्ष ठेवून आहेत.

"हे हिकडंच वाढंल नव्हं?" त्यांनी विचारलं.

खिडकीच्या बाजूला सकाळभर घराची सावली असते. उजेड सगळा गेटाकडून.

"बघू की काकू," मी म्हणालो आणि चहा संपवला.