महाराजांचाच दात

गावात सप्ताह चालू, काल्याचं कीर्तन दोन दिवसांवर, आणि महाराज मोटारसायकलवरून घसरले. वरचा समोरचा दात हलत होता. एक्स-रेत मूळ मधोमध तडकलेलं, बाहेर दिसणारा भाग मात्र अखंड. "काढायचा तर काढा डॉक्टर, पण खिंडार घेऊन मी गादीवर उभा राहणार नाही," त्यांनी बजावलं.

दात काढून त्याच बैठकीत इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा टायटॅनियमचा स्क्रू, बसवलं. मोटरच्या स्क्रीनवर टॉर्क, म्हणजे स्क्रू किती घट्ट बसला त्याचं माप, विसाच्या आसपासच थांबला. निदान पस्तीस मिळाला असता तर त्यावरच तात्पुरती कॅप लावायचा विचार केला असता. टायटॅनियमला हाड धरतं खरं, पण वरच्या जबड्यात त्याला चार ते सहा महिने लागतात. तेवढ्या काळात तो स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी मऊ मांस भरण्याची भीती.

काढता-घालता येणारा ॲक्रेलिकचा दात स्वस्त आणि झटपट. पण टाळूवर त्याची पट्टी येते, जीभ अडखळते, आणि घास चावला की दाब नेमका जखमेवर. पारदर्शक ट्रेमध्ये दात बसवला तर हिरडीवर भार नाही, पण जेवताना ट्रे काढावा लागतो. काल्याच्या पंगतीत ट्रे खिशात घालणारे महाराज काही माझ्या डोळ्यांसमोर येईनात.

मग त्यांचाच दात हातात घेतला. मूळ कापून टाकलं, आतली नस साफ करून पोकळी कॉम्पोझिटनं बुजवली. हिरडीकडची बाजू गोल करून आरशासारखी घासली आणि जखमेपासून किंचित दूर राहील अशी ठेवली. शेजारच्या दोन दातांना मागून फायबरची पट्टी चिकटवून दात जागेवर बसवला. खरी मेहनत पुढेच: निळा कार्बन पेपर चाववायचा, डाग उठला की घासायचं, खालचा जबडा पुढं-बाजूला सरकवायला लावायचं, पुन्हा घासायचं. कुठल्याही हालचालीत खालचा दात त्याला लागता कामा नये.

"सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट म्हणा."

महाराजांनी खड्या आवाजात पार शंभरापर्यंत मोजलं. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावू लागले. शिट्टी वाजली नाही, 'स' स्वच्छ. काल्याच्या लाह्या बाजूच्या दाढेनं खायच्या, एवढं मी दोनदा सांगितलं.

कीर्तन झालं. पुढं गळिताच्या हंगामात पट्टी एका बाजूनं सुटली. कारण विचारलं तर शिष्यच म्हणाला, "ऊस सोलला त्यांनी." इम्प्लांट जागचं हललं नव्हतं, पट्टी पुन्हा चिकटवली.

तात्पुरता दात फार छान बसला की पेशंट पक्क्यासाठी फिरकतच नाही, हा आमच्या धंद्यातला जुना त्रास. महाराजांनाही फोनवर फोन करावे लागले. आले ते हुज्जत घालतच: "माझाच दात आहे की हो, मग बदलायचा कशाला?"

मी एक्स-रे दाखवला. हाड धरलेलं होतं. "ऊस सोलायला," मी म्हटलं.

लगेच खुर्चीवर आडवे झाले.