मुक्तिनाथच्या पायथ्यावरून परत

सहल व्यवस्थापक म्हणून नेपाळला माझ्या आजवर अकरा फेऱ्या झाल्या. त्यांतल्या नवव्या फेरीतली एक सकाळ अजून मनातून जात नाही. त्या दिवशी साताऱ्याच्या एका आजींना मी मुक्तिनाथच्या मंदिरापर्यंत जेमतेम अर्ध्या तासाची चढण उरली असताना माघारी उतरवले.

अशा सहलीत आमचे निम्मे लक्ष कागदपत्रांत आणि घड्याळात गुंतलेले असते. विमानाने नेपाळला जाणाऱ्या भारतीयाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, हे चारचारदा कळवूनही एखादे कुटुंब विमानतळावर आधार कार्डच पुढे करते. पोखराहून जोमसोमचे विमान सकाळीच गाठावे लागते, कारण दुपारच्या सुमारास काली गंडकी नदीच्या खोऱ्यात असा वारा सुटतो की उड्डाणे थांबतात. या धावपळीत उंचीचा विचार मागे पडतो. पोखरा सुमारे ८०० मीटर उंचीवर, जोमसोम २,७०० च्या आसपास आणि मुक्तिनाथखालचे रानीपौवा गाव ३,७०० च्या आसपास आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, हा डोंगरातला साधा नियम आहे. आमच्या कार्यक्रमात मात्र माणसे सकाळी पोखराला उठून त्याच रात्री रानीपौव्याला झोपत होती. जोमसोमला एक मुक्काम वाढवावा, असे मी कार्यालयाला दोनदा लेखी कळवले होते. "गेल्या वर्षी कुणाला काही झालं नाही," एवढेच उत्तर आले. एका रात्रीने सहलीची किंमत वाढते, हा त्यामागचा हिशेब मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही.

आदल्या दिवशी जीपमध्ये सर्वांत उत्साही आजीच होत्या. एका अंगाला ८,१६७ मीटरचा धवलगिरी आणि दुसऱ्या अंगाला ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा, अशा दोन शिखरांमधून वाहणाऱ्या काली गंडकीच्या काठाने तिबेटचे मीठ खाली येई आणि खालचे धान्य वर जाई. त्या व्यापारावर मोठे झालेले थकाली लोक मिठाचा धंदा बसल्यावर प्रवाशांसाठी भोजनालये आणि लॉज चालवू लागले. पृथ्वीनारायण शाह यांनी १७६८ मध्ये काठमांडू घेऊन उभे केलेले राज्य २००८ मध्ये प्रजासत्ताक झाले, तरी मुक्तिनाथला येणाऱ्यांची रीत बदलली नाही: हिंदू १०८ धारांखाली न्हातात आणि त्याच आवारात बौद्ध भिक्षुणी देवळाची व्यवस्था पाहतात. मी हे सांगत असताना आजींनी पिशवीतून रेशमी कापडाची पुरचुंडी काढली. तुळशीच्या लग्नात दर वर्षी बोहल्यावर चढणारा घरचा शाळिग्राम त्यांनी सोबत आणला होता. "याचं माहेर आहे हे," त्या म्हणाल्या. याच नदीत सापडणाऱ्या त्या गुळगुळीत काळ्या दगडावर शिंपल्याच्या वळ्यांसारखी नक्षी होती. हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र असतानाच्या जीवाचा तो ठसा. त्याला १०८ धारांखाली स्नान घालायचे, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, चार दिवसांत पदराची घडीही विस्कटू न दिलेल्या त्या आजी डाव्या पायातला बूट उजव्या पायात घालून बसलेल्या दिसल्या.

"आजी, बूट उलटे झालेत."

त्यांनी पायांकडे पाहिले आणि विचारले, "पोखरा आलं का रे?"

बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ६८, फारच कमी. मग जमिनीच्या लाकडी फळीची सांध धरून, टाचेला चवडा लावत सरळ चालायला सांगितले. तिसऱ्याच पावलाला त्या भिंतीवर गेल्या. डोकेदुखी आणि धाप पुष्कळांना होते. पण तोल जाणे आणि भान हरपणे ही मेंदूला सूज येत असल्याची खूण मानायची असते, आणि तिच्यावर खाली उतरण्याइतका खात्रीचा उपाय नाही.

"दादा, देव समोर दिसतोय," आजींचा मुलगा हात जोडून म्हणाला. "घोड्यावरून नेतो, तासाभरात परत येतो." माझा नकार ऐकून तो रागावला आणि गटातल्या काहींनी त्याचीच बाजू घेतली. गट नेपाळी गाईडच्या हाती सोपवून मी मायलेकांना जीपमध्ये बसवले.

कागबेनीच्या उतारावर, सुमारे २,८०० मीटरवर, आजींनी मुलाला नावाने हाक मारली आणि पुरचुंडी मागितली. जीप थांबवून आम्ही दोघांनी त्यांना धरून नदीकाठी नेले. राखाडी, गढूळ पाण्यात शाळिग्राम धरून त्या बराच वेळ बसल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "रात्री दोनदा उलटी झाली मला. मुलाची झोप मोडू नये म्हणून बोलले नाही. तू विचारलं असतंस, तर सांगितलं असतं."

जोमसोमच्या डॉक्टरांनी दिवसभर प्राणवायूवर ठेवले आणि त्या बऱ्या झाल्या. मुलाने पुढे पत्र लिहून आभार मानले. आता मी रात्री नऊला प्रत्येक खोलीचे दार वाजवतो. त्या रात्री मात्र मी खालच्या मजल्यावर, सकाळी कुणाला घोडा हवा आणि कुणाला नको, याची यादी करत बसलो होतो.