सिंथवर मारवा: सा ठेवायचा कुठे?

मंडळी, मारवा राग सिंथवर (सिंथेसायझरवर) बसवण्याचं काम पुढे सरकलंय. नवी फाइल टाकली आहे. जुनी अजून कुणाच्या फोनमध्ये असेल तर पुसून टाका, नाहीतर प्रतिक्रिया एका फाइलवर आणि दुरुस्ती दुसरीवर असा घोळ होतो. काय बदललं, का बदललं आणि कुठे अजून अडलंय ते लिहितो. लांबण लागणार आहे, पण निम्मा दोष तुमच्या प्रतिक्रियांचा आहे.

नव्यांसाठी सेटअप: ४९ पट्ट्यांचा मिडी कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला, सिंथला जोडायचा कीबोर्ड), लॅपटॉप आणि सर्ज एक्सटी हा फुकट मिळणारा ओपन सोर्स सॉफ्टवेअर सिंथ. ज्यांच्याकडे घरातला यामाहाचा पीएसआर कीबोर्डच आहे त्यांनीही वाचावं; पिच बेंडचं (सूर वर-खाली सरकवणारं) चाक असलं की यातलं बरंच जमतं. सा पांढरी एक (इंग्रजी सी) धरलाय. म्हणजे कोमल रे काळी एक, ग पांढरी तीन, तीव्र म काळी तीन, ध पांढरी सहा, नि पांढरी सात. पंचम नाही.

आधीच्या फाइलवर सरळ दोन तट पडले होते. आपल्या डोंबिवलीच्या ताई, ज्या रीतसर गाणं शिकल्यात, त्यांनी लिहिलं: मारवा लागलाय, फक्त ०:४८ ला गंधारावर एवढा मुक्काम नको, पूरिया डोकावतो. अगदी बरोबर. स्वर तेच, पण पूरियाची भिस्त ग आणि नि वर, मारव्याची रे आणि ध वर. तो गंधार आता छाटलाय. पण नागपूरच्या आपल्या मित्राने तीच फाइल ऐकून लिहिलं, "दादा, हा पांढरी सहाचा भूप आहे. छान आहे, पण भूप आहे." त्याच्यामागोमाग आणखी तिघांनी तेच म्हटलं.

पट्ट्या मोजून बघा, तो वेडंवाकडं काही बोलत नव्हता. मारव्यात सा टाळत टाळत फिरायचं असतं. त्याची हुरहूर त्यातूनच येते. आता सा बाजूला ठेवला की उरतात काळी एक, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी सहा आणि पांढरी सात. यातल्या पांढरी सहाला सा म्हणा: सहा, सात, वरची काळी एक, पांढरी तीन, काळी तीन. सा रे ग प ध. चक्क भूप. मारव्याचा धैवत हा भुपाचा षड्ज, मारव्याचा कोमल रिषभ हा भुपाचा गंधार. दोन टोकांचे राग, आणि मधे उभा फक्त एक सा. गवयाच्या मागे तंबोरा अखंड सा सांगत असतो म्हणून ऐकणाऱ्याचं घर हलत नाही. सिंथवर ते घर आपल्यालाच बांधावं लागतं.

पण मग ताईंना मारवा का ऐकू आला? सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: कशावर ऐकलंत? उत्तरं वाचून खुर्चीतून उठलोच. मारवावाले सगळे हेडफोनवर. भूपवाले सगळे मोबाइलच्या स्पीकरवर, त्यातले दोघे तर लोकलमध्ये.

त्या फाइलमध्ये सा होता, पण फक्त खर्जात, सब बेसच्या (अगदी खालच्या सुराच्या) स्वच्छ साइन वेव्हवर. पांढरी एकचा तो खर्ज म्हणजे साधारण ६५ हर्ट्झ. मोबाइलचा चिमुकला स्पीकर एवढं खालचं वाजवूच शकत नाही. एरवी याने फारसं बिघडत नाही, कारण मूळ सूर नाही पोचला तरी त्याचे वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर) पोचतात आणि त्यावरून कान मूळ सूर भरून काढतो. भारदस्त आवाजाचा माणूस फोनवरही भारदस्त वाटतो तो असाच. साइन वेव्हला मात्र वरचे स्वरांशच नसतात. खालचा सूर गेला की मागे काही उरत नाही. थोडक्यात, लोकलमधल्या दोघांच्या फाइलमध्ये सा नव्हताच. त्यात मी वरून रे-ग-ध असा पॅड (मागे धरून ठेवलेला लांब आवाज) धरला होता. कॉर्डवाल्यांच्या भाषेत तो ए मेजर, म्हणजे पांढरी सहाच्या भुपाची घरची कॉर्ड. फोनवर भूप ऐकू आला नसता तरच नवल.

या फाइलमधली सगळ्यात मोठी दुरुस्ती हीच. पॅड काढला. साइनचा सब काढून तिथे सॉटूथ ही स्वरांशांनी भरलेली वेव्ह घेतली, फिल्टर (वरचे स्वरांश कापणारी चाळणी) बराच मिटवला आणि थोडं सॅच्युरेशन (आवाजाला मुद्दाम दिलेला खरखरीतपणा) दिलं, म्हणजे खर्जाला स्वरांश फुटतात आणि फोनवरही तो पोचतो. आणि तंबोरा नीट बांधला.

तंबोऱ्याबद्दल जरा सविस्तर, कारण पॅच (सिंथवरच्या आवाजाची जुळणी) मागितला होता. पंचम नसल्यामुळे पहिली तार निषादाला लावायची की धैवताला, दोन्ही पद्धती आहेत. इथे मी डोळे मिटून निषाद घेतला. धैवत आधीच दादागिरी करतोय, त्याला तंबोऱ्यातही बसवलं तर भुपाला आपणच आमंत्रण दिल्यासारखं. नि, सा, सा, खर्ज सा. जोडीच्या तारा १३१ हर्ट्झच्या आसपास. त्या दोघींत ३ सेंटचं अंतर ठेवलंय (लगतच्या दोन पट्ट्यांत, काळ्या धरून, १०० सेंट), त्याने साधारण चार सेकंदांनी एक मंद लाट येते. अंतर शून्य केलं तर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या स्वस्त डबीसारखं मेलेलं वाजतं.

जवारीचं, म्हणजे तंबोऱ्याच्या त्या झणकाराचं, मर्म फिल्टरच्या एन्व्हलपमध्ये (वेळेनुसार चढउतार ठरवणाऱ्या आराखड्यात) आहे. सिंथवर आपल्याला सवय असते की छेड पडली की फिल्टर एकदम उघडतो आणि मग मिटत जातो. तंबोऱ्यात उलटं होतं. छेडल्यावर वरचे स्वरांश जरा उशिरा, एकामागून एक उमलतात आणि मग मावळतात. म्हणून आवाजाच्या एन्व्हलपचा अटॅक (चढायला लागणारा वेळ) झटपट, पण फिल्टरच्या एन्व्हलपचा अटॅक मुद्दाम संथ, ४०० मिलिसेकंदांच्या पुढे. लो-पास २४ डीबीचा, रेझोनन्स बऱ्यापैकी वर. रेझोनन्समुळे कटऑफ (फिल्टर कापायला लागतो ती जागा) सरकताना प्रत्येक स्वरांश क्षणभर उजळतो आणि ती ओळखीची कुजबुज ऐकू येते. खरी जवारी नव्हे, पण मारवा उभा राहायला पुरते.

ट्यूनिंगवरून वाद होणार आहे, म्हणून आधीच सांगतो. सर्जमध्ये स्काला या पद्धतीची ट्यूनिंग फाइल (स्वरांची अंतरं लिहिलेली) चढवता येते, तेव्हा समान अंतराच्या पट्ट्यांना बांधून घेण्याचं कारण नाही. गंधार १४ सेंट उतरवलाय (५/४, म्हणजे ३८६ सेंट), धैवत १६ सेंट (५/३, म्हणजे ८८४). याचा फरक तंबोऱ्यावर लगेच कळतो, गंधारातली खरखर जाते. ज्यांना हे पेटीवर ऐकायचंय त्यांनी डॉ. विद्याधर ओकांची २२ श्रुतींची हार्मोनियम ऐकावी. कान एकदा तयार झाला की साध्या कीबोर्डचा गंधार चढा लागतो. परतीची वाट नाही, बरं का.

रिषभाचं काय? आपल्यात दोन मतं आहेत. काहींना तो खूप उतरलेला हवा. मी ११२ सेंटवर (१६/१५) ठेवलाय आणि त्यामागे भुपाचीच भीती आहे. हिशोब बघा. धैवत ८८४, वरच्या सप्तकातला रिषभ १३१२. दोघांत ४२८ सेंट. शुद्ध गंधाराचं अंतर ३८६, म्हणजे हे त्याहून बरंच ताणलेलं. कानाला ते टोचतं आणि तिथे टेकू देत नाही. याउलट रिषभ ७१ सेंटपर्यंत खाली आणला की धैवतापासून तो ३८७ वर येतो, म्हणजे धैवताचा जवळपास चोख गंधार. ऐकायला गोड, आणि त्या गोडव्यासरशी भूप पुन्हा दारात. गाणाऱ्याला उतरलेला रिषभ परवडतो, त्याच्याकडे लगाव (स्वर लावण्याची तऱ्हा) आहे, श्वास आहे, शब्द आहे. माझ्याकडे सॉटूथ आहे. तेव्हा तूर्त ११२. पटत नसेल तर मिडी फाइल (आवाज नव्हे, फक्त काय वाजवलं त्याची नोंद) दिलीय, तुमच्या ट्यूनिंगवर वाजवून पाठवा. वाद घालण्यापेक्षा ते लवकर होईल.

आता डावा हात. आपण सगळे पेटी किंवा कीबोर्डवरून आलोय, त्यामुळे उजवा हात भरधाव आणि डावा कॉर्ड धरून स्वस्थ. आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमला दूर ठेवलं, त्यामागच्या आक्षेपांत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) येत नाही हाही होता. सिंथला तो आक्षेप लागू नाही, पण चाकाला हात लावला तर.

पोर्टामेंटो (सिंथने आपोआप केलेली स्वरांमधली घसरण) लावून भागत नाही, हे माझं पक्कं मत झालंय. पोर्टामेंटो प्रत्येक वेळी तशीच घसरते, जवळचा स्वर असो की लांबचा, आलाप असो की तान. एका खास ढंगासाठी ती बहार आणते. चरणजीत सिंग यांनी १९८२ साली रोलँडची टीबी-३०३ (बेस सिंथ), टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) घेऊन मुंबईत दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. ३०३ चा स्लाइड ठरलेल्या वेळात सरकतो, आणि द्रुत लयीत त्याची स्वतःची नशा आहे. शिकागोचं अ‍ॅसिड हाउस, हे ३०३ वरच उभं राहिलेलं नाचाचं संगीत, त्यानंतर काही वर्षांनी आलं. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले. पण त्या दहांत मारवा नाही, आणि विलंबित आलापात तो स्लाइड चालणारही नाही.

म्हणून पोर्टामेंटो अगदी नावापुरती ठेवलीय. सर्जमध्ये प्ले मोड मोनो एसटी+एफपी घ्या: बोट न उचलता पुढची पट्टी दाबली तर नवा अटॅक येत नाही आणि घसरण फक्त जोडून वाजवलेल्या स्वरांतच होते. खरी मींड चाकावर. चाकाची रेंज बहुतेकांची कारखान्यातून आलेली, वर-खाली दोन पट्ट्या (काळ्या धरून), तशीच असते. मारव्यासाठी ती तीन करा. काळी तीनवर बोट ठेवून चाक वरच्या टोकाला टेकवलं की बरोबर धैवत. पांढरी तीनवर बोट ठेवून चाक खाली टेकवलं की बरोबर कोमल रिषभ. म-ध आणि ग-रे, मारव्याच्या दोन्ही मुख्य मींडा चाकाच्या टोकाला येऊन थांबतात, सूर शोधावा लागत नाही. बारा पट्ट्यांची रेंज ठेवून हवेत सूर धरण्याची मर्दुमकी कृपया नको. ट्यूनिंग मॉड्युलेशननंतर लागू करण्याचा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर चाक टेकेल पण उतरवलेल्या धैवतावर नाही टेकणार.

चाकावर हात बसल्यावरही माझी म-ध ची मींड कोरडीच वाजत होती. तिथे पुण्याच्या एका मेंबरने जे केलं ते सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे. त्याने प्रतिक्रिया लिहिलीच नाही. मिडी फाइल उघडली आणि पिच बेंडची रेघ बघितली. पिच बेंडमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, मध्य ८१९२ वर. हाताची सगळी कहाणी त्या रेघेत दिसते. माझी रेघ तीव्र मध्यमापासून धैवतापर्यंत पट्टीने आखल्यासारखी सरळ. त्याने ती पुसून नवी काढून पाठवली: मध्यमाजवळ रेंगाळते, मग झपकन वर जाते, धैवताच्या जरा अलीकडे पुन्हा मंदावते आणि टेकते. आधीची आणि ही, दोन्ही लागोपाठ वाजवून बघितल्या. दुसरीत कुणीतरी गात होतं. तेव्हापासून आलापाचा प्रत्येक तुकडा वाजवल्यावर मी रेघ बघतो, आणि सरळ दिसली की परत वाजवतो. माउसने रेघ काढायची नाही असा नेम केलाय, हात तयार व्हायला हवा.

बाकी किरकोळ: रिव्हर्ब निम्मा केला, कारण रिषभाची शेपटी गंधारावर येऊन सांडत होती. डिले पूर्ण बंद. मॉड्युलेशन व्हील फिल्टरच्या कटऑफला जोडलंय, पण पिच बेंड आणि ते एकाच अंगठ्याला सांभाळायला लागतं आणि तारांबळ उडते. कुणी एक्स्प्रेशन पेडलवर घेऊन बघितलंय का? कुठल्या पेडलची उलटसुलट ध्रुवता कंट्रोलरशी जुळते तेही सांगा.

एक विनंती. "मस्त", "कडक" वाचून बरं वाटतं, लिहीत जा. पण त्याच्यापुढे दोन गोष्टी जोडा: कितव्या सेकंदाला, आणि कशावर ऐकलं. भुपाचं कोडं त्या दुसऱ्या गोष्टीनेच सुटलं. मी तर आता फाइल पाठवण्याआधी ती फोनच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात कुकर चालू असताना वाजवतो. सा त्या गदारोळातही टिकला तरच पुढे पाठवतो.

अडलंय ते शेवटाशी. ध़ नि़ रे, ग रे, नि़ ध़ अशी उतरण घेत सुरावट २:१० ला पहिल्यांदा सा वर येते. तोवर सा फक्त तंबोऱ्यात. ताईंचं म्हणणं, इतका वेळ ताणू नकोस, आधी एकदा ओझरता दाखव. नागपूरकर म्हणतो, अजून लांबव. मला स्वतःला तिथे फिल्टर जरा जास्त उघडल्यासारखा वाटतो, सा आल्याची दवंडी पिटल्यासारखा. २:०० ते २:२० एवढंच नीट ऐका, शक्यतो एकदा हेडफोनवर आणि एकदा फोनवर, आणि सा लवकर हवा की उशिरा ते सांगा. ते ठरलं की रूपक ताल लावायला घेतो. ठेक्यासाठी तबल्याचा लूप घेणार नाही, किक आणि नॉइजवरच सात मात्रा बांधायच्या आहेत. कुणाकडे रूपकाची खाली (तालातली बिनवजनाची मात्रा) दाखवणारा चांगला सिंथ पॅच असेल तर पाठवून ठेवा.