पेशी कुजतात डबीत, संशय येतो स्लाइडवर

पहाटेची पहिली लघवी सायटोलॉजीला, म्हणजे कॅन्सरसाठी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीला, पाठवू नये. इतर तपासण्यांना ती चालते म्हणून सवयीने तीच डबी भरली जाते, पण तिच्यातल्या पेशी रात्रभर मूत्राशयात भिजून खराब झालेल्या असतात. नाश्त्यानंतरची लघवी घ्यावी, निदान 30 मिलि, आणि जमल्यास तीन वेगवेगळ्या दिवशी.

पुढचा घोळ वाटेत होतो. गुहागरहून मे महिन्यात एसटीने निघालेली डबी चिपळूणच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजला (गरगर फिरवून गाळ वेगळा करणाऱ्या यंत्राला) लागेपर्यंत दुपार उलटते. तेवढ्या उकाड्यात जंतू वाढतात, पेशीद्रव झडतं आणि केंद्रक आक्रसून शाईच्या ठिपक्यासारखं काळं होतं. केंद्रक काळं आणि भोवती जवळपास काही नाही, म्हणजे वरवर कॅन्सरचंच चित्र! सॅम्पल लगेच फ्रिजमध्ये तरी ठेवावं, नाहीतर त्यात तेवढंच 50 टक्के अल्कोहोल मिसळून पाठवावं. बायोप्सीचं फॉर्मलिन इथे नको.

2016 मध्ये आलेल्या पॅरिस सिस्टिमने, म्हणजे लघवीच्या सायटोलॉजीचा रिपोर्ट देण्याच्या पद्धतीने, निकष चोख केले. हाय-ग्रेड (आक्रमक) कॅन्सर म्हणायला केंद्रकाने पेशीची 70 टक्के किंवा जास्त जागा व्यापलेली हवी, ते गडद हवं, क्रोमॅटिन (केंद्रकातलं जनुकद्रव्य) भरड आणि कड वेडीवाकडी हवी. शिवाय अशा पेशी 5 ते 10 तरी दिसाव्यात. हे सगळं शाबूत पेशीतच पाहायचं. कुजक्या पेशींवर ‘एटिपिकल’चा (संशयास्पद, वेगळ्या दिसणाऱ्या पेशी) शिक्का मारण्यापेक्षा सॅम्पल पुन्हा मागवलेलं केव्हाही बरं, कारण त्या एका शब्दावर रुग्णाच्या मूत्राशयात दुर्बीण घालून तपासणी ठरू शकते.

मुतखड्याने खरवडलेल्या पेशी पुंजक्यांनी येतात. कॅथेटर किंवा दुर्बीण घातल्यावरही तसंच. पुंजका दिसला म्हणून घाबरू नये, त्यातलं एकेक केंद्रक पाहावं. पॉलिओमा विषाणूची पेशी जास्त फसवते: केंद्रक मोठं, गडद, पण आतून काचेसारखं एकसारखं आणि कड गोल, गुळगुळीत. केमोथेरपीनंतर केंद्रक वाढतं, पण सोबत पेशीही वाढते.

लो-ग्रेड (कमी आक्रमक) गाठीच्या पेशी जवळजवळ निरोगी पेशींसारख्याच दिसतात, त्यामुळे त्या सहज निसटतात. लघवीतून रक्त जात असेल तर ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट हातात आला तरी मूत्रविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं.

फॉर्मवर मुतखडा, कॅथेटर, बीसीजी (मूत्राशयात सोडायचं औषध), केमो यांची नोंद हवीच, आणि रुग्णाचं गावही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात 1952 मध्ये मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाची नोंद झाली होती. हा कृमी मूत्राशयाच्या स्क्वेमस, म्हणजे चपट्या पेशींच्या, कॅन्सरशी जोडलेला आहे. त्या भागातल्या लघवीत स्क्वेमस पेशी विचित्र दिसल्या, तर गाळात टोकाला काटा असलेलं अंडं आहे का, ते एकदा शोधावं.