कडा कुणाचा? शिंदळ माकुडीच्या परवानगीचा माझा अनुभव

एम.एस्सी. बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला मी प्रकल्पासाठी शिंदळ माकुडी घेतली. प्रकल्प पूर्ण झाला, रोपं जगली, मार्कही चांगले पडले. तरी त्या एका परवानगीचा विषय निघाला की मला अजून राग येतो. दुर्मिळ झाडावर काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाचा पावसाळा असा वाया जाऊ नये, म्हणून लिहिते आहे.

शिंदळ माकुडी म्हणजे फ्रेरिया इंडिका. डॅलझेल यांनी १८६० च्या दशकात तिची नोंद केली आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं. रुईच्या कुळातली, मांसल खोडाची, कड्याच्या फटीत रुजणारी. तिच्या नात्यातल्या माकडशिंगाला पानं असून नसल्यासारखी. हिला मात्र पावसात हिरवीगार पानं फुटतात आणि उन्हाळ्यात गळून जातात. फुलं चांदणीच्या आकाराची, गडद तांबडी-जांभळी, वर पिवळे ठिपके. वास कुजका, कारण परागीकरण माशांकडून करून घ्यायचं असतं. जगात ती फक्त महाराष्ट्रात आहे, तीही मोजक्या डोंगरांवर. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड ही ठिकाणं पूर्वीच छापून आलेली आहेत. आमचा किल्ला कोणता ते मी सांगणार नाही. अशा झाडाचा पत्ता जाहीर झाला की कुंडीत लावायला म्हणून उपटून नेणारे पोचतातच.

आमच्या विभागात एक नियम पहिल्या वर्षापासून शिकवला जातो: दुर्मिळ झाड हर्बेरियम शीटसाठी, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवून ठेवायच्या नमुन्यासाठी, उपटायचं नाही. फोटो, मोजमापं, फार तर एखादं फूल स्पिरिटमध्ये. त्यामुळे माझा बेत साधा होता. वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांच्या थोड्या कांड्या आणायच्या, विभागाच्या बागेत वाढवायच्या, पुढच्या पावसाळ्यात निम्मी रोपं परत कड्यावर लावायची. वेगवेगळी झाडं अशासाठी, की एकाच झाडाच्या कांड्यांपासून कितीही रोपं केली तरी ती सगळी एकसारखीच असतात. एखादा रोग आला तर सगळी एकदम जातात.

हे सगळं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आणि मी एका बैठकीत ठरवलं. प्राचार्यांची सही लगेच मिळाली. अडलं ते पुढे.

किल्ला केंद्राच्या संरक्षित स्मारकांत मोडतो आणि त्याच्या उतारावर राखीव वन आहे. झाडं नेमकी मधल्या कड्यावर, तटबंदीच्या खाली आणि जंगलाच्या वर. वन कार्यालयात अर्ज घेऊन गेले तर उत्तर मिळालं, किल्ला पुरातत्त्वाचा, आधी त्यांचं ना-हरकत आणा. पुरातत्त्वाच्या कार्यालयात सांगितलं, आमचं काम तट-बुरुजांचं, झाडझाडोरा वनखात्याचा, आधी त्यांचं पत्र आणा. दोघांचंही म्हणणं दुसऱ्याने पहिली सही करावी. 'नाही' असं कुणीच म्हणालं नाही. नकार लेखी मिळाला असता तर वर दाद तरी मागता आली असती.

मग शंभर मीटरचा मुद्दा निघाला. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आहे, तिथे काही करता येणार नाही, असं टेबलावरच्या साहेबांनी सांगितलं. प्राचीन स्मारकांच्या कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीत १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे हे खरंच आहे, पण ते बांधकामासाठी आणि खाणकामासाठी. चार बोटं लांबीची कांडी कापणं म्हणजे बांधकाम नव्हे. मॅडमनी कायद्याची प्रत छापून नेली आणि ते कलम त्यांच्यासमोर शांतपणे वाचून दाखवलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरोबर आहे, पण तसं वरून लिहून यायला हवं. फाइल वर गेली आणि वरच राहिली.

वनखात्याकडे जो नमुना अर्ज मिळाला तो लाकूड-डिंकासारख्या वनोपजासाठी केलेला होता. वजन किती, अंदाजे किंमत किती, वाहतूक कोणत्या गाडीने. शिंदळ माकुडीच्या कांडीची किंमत काय लिहायची? मी 'विक्रीसाठी नाही, शैक्षणिक व संवर्धनाच्या कामासाठी' असं लिहिलं, तर रकाना अपुरा म्हणून अर्ज परत आला. मग किमतीच्या जागी 'निरंक' लिहिलं आणि सोबत महाविद्यालयाच्या लेटरहेडवर वेगळं पत्र जोडलं, तेव्हा घेतला. तुम्हीही तसंच करा. आणि हाती दिलेल्या प्रत्येक कागदाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. पुढे 'अर्ज आलाच नाही' असं ऐकावं लागलं तेव्हा मला त्या शिक्क्यानेच वाचवलं.

अर्ज दिला तेव्हा कडे कोरडे होते. बघता बघता पाऊस लागला, कड्यावरच्या झाडांना पानं फुटली. मी खालच्या वाटेवरून दुर्बिणीने बघत होते. वर शेरडं चरत होती, त्यांना कुणाच्या ना-हरकतीची गरज नव्हती. एका आठवड्यात फटीतली एक पूर्ण जुडी खुडलेली दिसली. त्या दिवशी मी रडले. आम्ही वाचवायला निघालो होतो आणि आमचेच हात बांधलेले होते. नियम कडक असावेत, याबद्दल माझी तक्रार नाही. कड्याचा मालक कोण हे सांगायला कुणी तयार नव्हतं, तक्रार त्याची आहे.

सुटका झाली ती त्या बीटच्या, म्हणजे जंगलाच्या त्या भागाची राखण असलेल्या, वनरक्षक दादांमुळे. कार्यालयात ते भेटणं शक्य नव्हतं, कारण ते जंगलात असतात. गावातल्या एका मावशींनी त्यांना निरोप दिला. त्यांनी मोबाइलवर फोटो पाहताच झाड ओळखलं. गुराखी पोरं तिची खोडं खातात हेही त्यांनीच सांगितलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही अर्जात किल्ल्याचं नाव लिहिलंय, म्हणून तो पुरातत्त्वाकडे जातोय. कंपार्टमेंट नंबर टाका."

राखीव वनाचे क्रमांक दिलेले तुकडे असतात, त्यांना कंपार्टमेंट म्हणतात. दादा आमच्याबरोबर कड्याखाली आले, जीपीएसवर नोंदी घेतल्या आणि त्या वनखात्याच्या नकाशावर टाकल्या. आमची बहुतेक झाडं वनहद्दीत निघाली. तटाला अगदी लागून असलेली आम्ही यादीतून वगळली. मग दोन्ही कार्यालयांना एकाच तारखेचं पत्र दिलं: संयुक्त पाहणी करावी, आम्ही हजर राहू. पाहणी झाली, पंचनामा झाला, आणि एवढे महिने न हललेला कागद पुढच्याच आठवड्यात सही होऊन आला. अटी रास्त होत्या: झाड उपटायचं नाही, ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त कांड्या नाहीत, वनरक्षक समोर हवेत, अहवालाची प्रत द्यायची. पत्र हातात आल्यावर मी ते तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

तुमचं ठिकाण अभयारण्यात असेल तर वाट वेगळी. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो आणि परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नागपूरच्या कार्यालयाकडून येते, म्हणून त्याला जास्त वेळ धरा. जैवविविधता कायदा २००२ मुळे घाबरू नका. भारतीय विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागत नाही. परदेशी माणूस किंवा संस्था सोबत असेल तर मात्र लागते. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला मात्र पत्र जरूर द्या. गावाला माहीत असलं की झाडावर लक्ष राहतं.

अर्जात झाडाची दोन्ही शास्त्रीय नावं लिहा. आता तिला बुसेरोसिया फ्रेरी म्हणतात, जुन्या याद्यांत फ्रेरिया आहे.

लागवडीचं सांगण्यासारखं फारसं नाही, कारण माकुडी कांडीपासून सहज लागते. कापलेली बाजू सावलीत सुकू द्यायची, मुरूम आणि जाड वाळूत लावायची, पाणी बेताने. बागेतल्या काकांनी माझ्यापेक्षा जास्त रोपं जगवली. काही रोपं आम्ही दुसऱ्या महाविद्यालयाच्या बागेत पाठवली, म्हणजे एका ठिकाणी काही झालं तरी दुसरीकडे राहतील. पुढच्या पावसाच्या सुरुवातीला निम्मी कड्यावर गेली, शेरडांचं तोंड पोचणार नाही अशा फटींत. जागा दादांनी निवडल्या.

आमच्या अर्जाचा, लेटरहेडवरच्या पत्राचा आणि संयुक्त पाहणीच्या विनंतीचा मसुदा विभागाच्या कपाटात ठेवला आहे. नंतरच्या बॅचमधल्या दोघींनी कंदीलपुष्प या दुसऱ्या दुर्मिळ झाडासाठी तोच वापरला. त्यांनी पहिल्याच अर्जात कंपार्टमेंट नंबर घातला, जानेवारीत अर्ज दिला, आणि त्यांची पाहणी पाऊस लागायच्या आत उरकली.