जालन्याचा मे महिना आणि मावशीची लोखंडी पेटी

मे महिन्यात जालन्याला कशाला जातेस असं घरी सगळ्यांनी विचारलं, आणि खरंच सकाळी सहाची एसटी धरली तरी बदनापूर येईपर्यंत खिडकीचा गज हाताला तापलेला लागत होता. पण मावशीचा निरोप होता की यंदाची व्हीबीएस तिची शेवटची, गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा एकदा येऊन जा. उन्हाळी शिबिर वगैरे आमच्याकडे कुणी म्हणत नाही, कागदावर 'सुट्टीतील बायबल शाळा' लिहितात आणि तोंडात मात्र व्हीबीएस. मी स्वतः सात वर्षं त्यात बसलेय, गाणी अजून पाठ आहेत.

चर्चच्या कंपाउंडमध्ये पोचले तेव्हा पावणेआठ झाले होते आणि पहिलं गाणं संपत आलं होतं. लिंबाच्या झाडाखाली सतरंज्या, एका बाजूला पाण्याचे माठ, साठेक पोरं, कुणाच्या पायात चप्पल कुणाच्या नाही. इथे सगळं सात ते साडेदहा, त्यानंतर ऊन मुलांना बसू देत नाही. गाणं, गोष्ट, वचन पाठांतर, हस्तकला, मग खाऊ. पाळकसाहेबांनी "सलाम ताई" म्हणून खुर्ची दिली, पण मी सतरंजीवरच बसले.

गोष्टीच्या वेळेला मावशीने तिची लोखंडी पेटी उघडली. ही पेटी मी लहानपणापासून बघतेय. आत निळ्या फ्लॅनेलचा घडी केलेला कपडा आणि जुन्या पाकिटांमध्ये कागदी चित्रं, मेंढरं, होडी, मासे, याकोब, शिडी. प्रत्येक चित्राच्या पाठीला फ्लॅनेलचा तुकडा चिकटवलेला, म्हणून ते कापडावर टेकवलं की बसतं. एका मेंढराचा पाय तुटला होता तो मावशीने लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून जोडलाय, जवळून बघितलं तर त्यावर 'चि. सौ.' एवढी सोनेरी अक्षरं अजून दिसतात. आता मोबाईलवर गोष्टी दाखवता येतात, पण ती होडी मावशी बोटाने हळूहळू सरकवते तेव्हा साठ पोरं श्वास धरून बसतात, हे मी डोळ्यांनी बघितलं.

दुपारी तिच्या घरी कूलरसमोर बसून मी तिला एकेक विचारत होते आणि वहीत उतरवत होते, कारण ही माहिती आमच्याकडे कुणी लिहून ठेवलेली नाहीये, ती अशीच मावश्यांच्या डोक्यात असते. ती म्हणाली, "काय एवढं शोधू राह्यलीस?" आणि मग स्वतःच सुरू झाली. मी नंतर थोडं वाचून जुळवलं ते इथे मांडते.

मुळात ह्या सगळ्याची सुरुवात ज्या पोरांना कुठे जायला जागा नाही त्यांच्यापासून झालीय. १७८०मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने संडे स्कूल काढली ती आठवडाभर कामाला जाणाऱ्या मुलांसाठी, त्यांना रविवारच तेवढा मोकळा, आणि तिथे आधी अक्षरओळख शिकवायचे. पुढे १८६८मध्ये वेल्सच्या लँडुडनोच्या समुद्रकिनारी जोसाया स्पायर्स नावाच्या माणसाने सुट्टीला आलेल्या मुलांना वाळूत 'देव प्रीती आहे' ही अक्षरं काढून दिली आणि पोरांनी ती शंख-शिंपल्यांनी सजवली. १८८५ला वायएमसीए ह्या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या समनर डडलीने न्यूयॉर्क राज्यात एका तळ्याकाठी सात मुलांना घेऊन तंबू ठोकले, तो कॅम्प त्याच्या नावाने आजही चालतो. आणि आपली जी सकाळची व्हीबीएस, तिची जवळची आजी म्हणजे हॉव्जबाई. १८९८च्या उन्हाळ्यात ह्या बाईंनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत रस्त्यावर फिरणाऱ्या मुलांसाठी जागा शोधली, तर भाड्याने मिळाला तो दारूचा हॉल. चर्चच्या लोकांनी सांगितलं की चर्चमध्ये घ्या, तिने घेऊन बघितलं, मुलं येईनात, ती परत त्या हॉलमध्ये गेली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, जागा देवळासारखी हवी हा मोठ्यांचा हट्ट असतो, मुलांना ओळखीची जागा लागते. नंतर १९०१पासून रॉबर्ट बोव्हिल ह्यांनी त्याच शहरात अशा शाळा पद्धतशीर सुरू केल्या आणि तिथून ती कल्पना जगभर पसरली.

पण जालन्यात मुलांचं काम त्याच्याही आधीपासून आहे, आणि ते आपल्या माणसाने सुरू केलंय. रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातला मुलगा, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३मध्ये बाप्तिस्मा घेतला. १८६०च्या दशकात ते जालन्याकडे आले, मातंग आणि महार समाजातल्या लोकांमध्ये राहिले, आणि निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर शहराजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर, याकोब दगड उशाला घेऊन झोपला आणि स्वर्गाला टेकलेली शिडी त्याला स्वप्नात दिसली ती जागा. मावशीच्या पेटीतली शिडी त्यामुळेच इतकी झिजलीय, जालन्याच्या पोरांना ही गोष्ट दरवर्षी सांगायचीच असते.

शेषाद्रींच्या घरची दुसरी गोष्ट मात्र मावशी मुलांना सांगत नाही, शिक्षकांना सांगते. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, भावापाठोपाठ मिशनमध्ये गेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. मग त्याला जातीत परत घ्यायचा की नाही ह्यावर मुंबई पेटली, 'दर्पण'चे बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणून उभे राहिले आणि सनातन्यांनी त्यांनाच छळलं. मावशी म्हणते, एवढी मोठी माणसं भांडली पण मधे पोरगं होतं. म्हणून तिच्या व्हीबीएसचा नियम आहे की एप्रिलमध्ये घरोघर जायचं, आई-बापाला समोर बसून सांगायचं की काय शिकवणार, आणि सहीशिवाय किंवा अंगठ्याशिवाय एकही पोर बसवायचं नाही. नवीन शिक्षकांना हे जास्तीचं काम वाटतं, मला ते सगळ्यात आधीचं काम वाटतं.

दुसऱ्या दिवशी हस्तकलेला रंगांचं पुस्तक होतं. त्यात अक्षर नाही, नुसती रंगीत पानं. स्पर्जन नावाच्या इंग्रज प्रवचनकाराने १८६६मध्ये लंडनला काळं, लाल, पांढरं अशा तीन पानांवर प्रवचन केलं, १८७५मध्ये अमेरिकन प्रवचनकार मूडीने सोनेरी पान जोडलं, हिरवं नंतर आलं. मी लहानपणी नुसतंच घोटीव कागद कापून चिकटवायचे, आता समजलं की हे इथे का टिकलंय. सतरंजीवरच्या बऱ्याच पोरांचे आई-बाप ऊसतोडीला जातात, दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत. पोरं फडावर, शाळा बुडालेली. मे महिन्यात ती गावात असतात तेव्हा शाळेला कुलूप. त्यांना वाचता येत नाही हे कुणाला कळू न देता पुस्तक हातात धरता येईल, असं ते एकच पुस्तक.

माझ्या शेजारी दहा वर्षांची एक मुलगी बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ. तिने पाचही पानं सरळ चिकटवली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर नाव घालून मागितलं. मी पेन्सिलने फिकट काढून दिलं, तिने वरून गिरवलं, मग खाली स्वतःच्या हाताने आणखी तीनदा. तिसऱ्या वेळेला काना विसरला तो भावाच्या डोक्यावरून हात नेऊन परत दिला. मी विचारलं शाळेचं काय, तर म्हणाली, "आजी संग ठिवत नाही, तिला दिसत नाही." आई-बाप ऊसतोडीला गेले की पोरांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह त्यांच्या गावात मागच्या वेळी वेळेवर सुरूच झालं नाही, मुकादमाची गाडी काही त्यासाठी थांबत नाही, म्हणून दोघंही फडावर गेली.

खाऊ वाटून झाल्यावर मावशी त्या मुलीच्या आईकडे निघाली, गुडघा धरत, मी छत्री घेऊन मागे. मावशीचं म्हणणं, वसतिगृह उघडलं तर उत्तम, नाहीतर जूनमध्ये मिशनच्या बोर्डिंगला नाव घालू, आई हो म्हणेल तरच. आई भाकऱ्या थापत होती, हात धुऊन येऊन बसली, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सुट्टीला घरी धाडताल ना?" मावशी म्हणाली दिवाळीला, नाताळला आणि मे महिन्यात. आधारकार्ड सापडलं, जन्माचा दाखला नव्हता. तो ग्रामपंचायतीतून काढायचा आणि सोमवारी ग्रामसेवक असतो म्हणून मी माझं परतीचं तिकीट सोमवार संध्याकाळचं केलं.