आमची वाटचाल : ७२ मिलिमीटरचा बोअर

१९९१ च्या खंडेनवमीला कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भाड्याच्या गाळ्यात, आम्ही पहिल्या लेथला हार घातला. लेथ राजकोटचं, साडेसहा फुटी, सेकंडहँड. बेड, म्हणजे लेथचा पाया, फिरत्या डोक्याजवळ (हेडस्टॉक) झिजलेला होता, त्यामुळे लांब शाफ्टला टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळतेपणा, यायचा. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, उमेदीतली वर्षं टर्नर म्हणून राबलेले. ते टेलस्टॉक, म्हणजे शाफ्टचं दुसरं टोक धरणारा भाग, कागदाच्या जाडीइतका सरकवून तो टेपर काढायचे. मी आयटीआयचा फिटर. भांडवलातलं निम्मं त्यांचं, हाताचं कसब जवळजवळ सगळं त्यांचं.

उद्यमनगरात का, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. तिथे सकाळी पॅटर्नवाल्याकडे (लाकडी नमुना बनवणारा) लाकूड दिलं की चार गल्ल्यांत साच्याचं मोल्डिंग, ओतीव भाग साफ करायचं फेटलिंग, मशिनिंग, हार्डनिंग सगळं उरकतं. एकाकडे लेथ, दुसऱ्याकडे शेपर, तिसऱ्याकडे फक्त की-वे, म्हणजे चावीची खाच, मारायचं स्लॉटिंग. कुणाकडेच पूर्ण कारखाना नाही आणि तरीही अख्खं मशीन तयार होऊन बाहेर पडतं. देशाच्या उत्पन्नात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा वाटा सुमारे ३० टक्के आणि निर्यातीत ४५ टक्क्यांच्या आसपास, असं सरकारी आकडे सांगतात. मला तो वाटा त्या गल्लीतून, हातगाडीवर कास्टिंग (ओतीव भाग) घालून जाताना दिसतो.

दाजी १९९८ ला गुडघ्यांमुळे थांबले. हिशेब एका वहीच्या पानावर झाला, वकील लागला नाही. जाताना त्यांनी त्यांचं मिटुटोयोचं मायक्रोमीटर माझ्या हातात दिलं. ते आजही रोज वापरात आहे. पुढं शिरोली एमआयडीसीत शेड घेतली, माणसं नऊ झाली, काम वाढत गेलं.

आता खरं सांगायचं ते २००६ पासूनचं.

एका मोठ्या कंपनीचं बेअरिंग हाऊसिंगचं काम आलं. ६२०७ नंबरचं बेअरिंग, म्हणजे ते बसायचं भोक, बोअर, ७२ मिलिमीटरचा, एच७ मापाचा. फरक चालणार तो शून्य ते अधिक ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. कास्टिंग त्यांचं, मशिनिंग आपलं. यासाठी सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे संगणकावर चालणारं लेथ, घेतलं, वर्षभरात दुसरं घेतलं. बँकेसाठी प्रकल्प अहवाल केला. त्यातली बेरीज मला तोंडपाठ आहे, कारण तिनेच आम्हाला खड्ड्यात घातलं. एका मशीनचा महिन्याचा खर्च: हप्ता ४०,०००, दोन ऑपरेटर १५,०००, वीज १७,०००, इन्सर्ट (कापायची टोकं) आणि तेलपाणी २२,०००, भाडं-दुरुस्तीचा वाटा १८,०००. एकूण १,१२,०००. २५ दिवस, दोन पाळ्या, म्हणजे ४०० तास. तासाला २८० रुपये. नगाला आठ मिनिटं लागत होती, म्हणून दर धरला ३८.

मशीन ४०० तास चाललंच नाही. लोडशेडिंग, सेटिंग, कास्टिंगची वाट बघणं, ऑपरेटरच्या घरची लग्नं, आमावस्या. खरे तास भरले २८०. म्हणजे तासाचा खर्च ४०० रुपये आणि नगाचा ५३ च्या वर. ३८ ला विकलेल्या प्रत्येक नगामागे आम्ही पंधरा रुपये खिशातून घालत होतो आणि काम वाढलं म्हणून पेढे वाटत होतो. जुन्या लेथचं काम ही तूट भरून काढायचं, म्हणून ती दोन वर्षं दिसलीच नाही.

२००८ च्या दिवाळीनंतर मंदी आली आणि त्या कंपनीचं शेड्यूल तिसऱ्या हिश्शावर आलं. आमचं ७० टक्के काम त्यांचंच होतं. ९० दिवसांची उधारी ठरलेली, पण ते ९० दिवस मोजायचे बिल पास झाल्यापासून, आणि बिल पास व्हायलाच तीन-चार आठवडे. मंदीत ते ९० चे १८० झाले. जानेवारीत त्यांच्याकडे आमचे ११ लाख ४० हजार अडकले होते. इकडे पगार सात तारखेला, विजेचं बिल पंधरा दिवसांत, दोन मशीनचे हप्ते ८०,०००. सगळे म्हणतात लहान उद्योगाला भांडवल मिळत नाही. अहो, त्या वर्षी आम्हीच त्या मोठ्या कंपनीला बिनव्याजी भांडवल पुरवत होतो!

त्यात डेबिट नोट, म्हणजे खराब नगांचे पैसे आमच्या बिलातून कापल्याची चिठ्ठी, आली, २ लाख १० हजारांची. मी बोअर गेज घेऊन त्यांच्या स्टँडर्ड रूममध्ये गेलो. तिथे २० अंश तापमान. साठेक नग खरोखर आमच्या चुकीचे निघाले. मशीनवरून काढलेला गरम नग आमचा पोरगा लगेच मोजायचा. बिडाचा ७२ चा बोअर पंधरा अंश गरम असला तर १०-११ मायक्रॉन मोठा दिसतो, आणि थंड झाला की बेअरिंग बसत नाही. ते मी तिथेच मान्य केलं, सही केली. पण उरलेले साडेतीनशे नग ब्लोहोलचे होते. ब्लोहोल कास्टिंगच्या पोटात असतो, वरची कातडी उतरल्याशिवाय दिसत नाही. कास्टिंग त्यांच्या फाउंड्रीचं. आमचं मशिनिंग फुकट गेलं ते गेलंच, वर कास्टिंगची किंमतही आमच्याच नावावर टाकली. परचेसच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "पॉलिसी आहे."

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा तेव्हाही होता. ४५ दिवसांत पैसे न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडचा अर्ज मी लिहून काढला होता. दिला नाही. दिला असता तर दुसऱ्या दिवशी उरलेलं कामही बंद झालं असतं, आणि दुसऱ्या कंपन्यांच्या परचेसलाही कळलं असतं.

मार्चमध्ये दुसरं सीएनसी विकलं. घेणारा आमच्याच शेडमध्ये चार वर्षं शिकून गेलेला मुलगा. ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापातली दुरुस्ती, कसा द्यायचा ते मी त्याच्या शेजारी उभं राहून शिकवलं होतं. पुढच्या महिन्यात तेच हाऊसिंग, त्याच मशीनवर, त्याने ३४ रुपयांना घेतलं. माझ्याशी बोलला असता तर मी त्याला माझी बेरीज दाखवली असती. तो बोलला नाही. त्याच्या गेटवरून जाताना ते मशीन अजून दिसतं, आणि अजून मनाला लागतं.

त्या हंगामात आम्हाला तारलं ते करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्या अण्णांनी. उसाच्या चरकाचा शाफ्ट आणि गनमेटलच्या बुशी ते १९९२ पासून आमच्याकडूनच करून घ्यायचे. काहील चुलवाणावर चढलेली, गाडीभर ऊस तोडून पडलेला, अशा वेळी चरक मोडला तर रस आंबतो आणि गूळ काळा पडतो. त्यामुळे अण्णांना रात्री अकराला पण काम लागायचं, आणि पैसे ते तिथल्या तिथे, पिशवीतून मोजून द्यायचे. जानेवारीत आले, बंद मशीन बघितलं आणि म्हणाले, "असं कसं रं? आमचं चरक हायती की." साठ हजार आगाऊ ठेवून गेले आणि आठ दिवसांत आजूबाजूच्या गुऱ्हाळवाल्यांना घेऊन आले. त्या हंगामात सतरा चरक दुरुस्त केले, सगळे जुन्या राजकोटच्या लेथवर. नऊ माणसांचे पगार त्यातून निघाले. एकही माणूस काढला नाही, हे मी कुठेही मान ताठ ठेवून सांगतो.

अडकलेले पैसे तुकड्यातुकड्याने २०१० पर्यंत आले, डेबिट नोटचे सोडून. तिची फाइल कपाटात आहे. पुढं २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, मग लॉकडाऊन आलं. तेही निभावलं, कारण तोवर कुठलंही एक गिऱ्हाईक आमच्याकडे तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठं नव्हतं.

नवीन शेड टाकणाऱ्या पोरांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. योजना करताना मशीनचे तास कॅलेंडरवरून धरू नका, तीन महिने वहीत लिहा आणि मग दर ठरवा. उधारीचे दिवस बिलापासून मोजू नका, कच्चा माल हातात घेतल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत मोजा, आणि तेवढ्या दिवसांचा खर्च हाताशी असेल तरच ऑर्डर घ्या. उद्यम नोंदणी करा, तिचा नंबर प्रत्येक बिलावर छापा, चलनावर माल पोचल्याची तारीख आणि सही घ्या. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच असते, करार असला तरी ४५ च्या वर नाही. २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून आयकराच्या नियमाप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात ४३बी (एच)), सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. २०२४ च्या मार्चमध्ये, आमच्या तेहतीस वर्षांत पहिल्यांदा, एका मोठ्या खरेदीदाराच्या अकाउंट्समधून आपणहून फोन आला की तुमचं काही बाकी आहे का.

आज चौदा माणसं आहेत, पाच सीएनसी आणि एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन). गरम नग थंड व्हायला लोखंडी टेबल वेगळं केलं आहे, त्यावर अर्धा तास ठेवल्याशिवाय कुणी बोअर गेज लावत नाही. अण्णा गेले, आता त्यांचा नातू येतो. गेल्या आठवड्यात शाफ्ट टाकून गेला, दसऱ्याच्या आत हवा आहे. राजकोटच्या लेथवर तो बांधलाय, टेलस्टॉक कागदाइतका सरकवून.